लाखेखालची आंबील

दारू कशाला म्हणतात हे मला पिणाऱ्यांनी नाही, कायद्यानं शिकवलं. हैदराबाद संस्थानात, बीदरच्या मुलखात, एका तालुक्याच्या आबकारी कचेरीत मी अहलकार, म्हणजे कारकून होतो. उर्दूची चार बुकं शिकलेलो, अक्षर वळणदार, आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. दारूवर सरकारचा कर. त्यामुळं दारू कोणती आणि दारू नव्हे ती कोणती, हे ठरवणारं एक जाडजूड पुस्तक आमच्या कपाटात असे. पुस्तक मोठं विनोदी होतं, फक्त त्याला हसायची सोय नव्हती. शिंदीच्या प्रत्येक झाडाला नंबर. मडक्याला आतून चुना लावलेला असला तर सकाळपर्यंत झाडाचा रस तो नुसता रस, आणि ऊन चढलं की तोच रस सरकारचा माल. मोहाचं फूल झाडाखाली पडलेलं असेतो फूल, आणि तेच टोपलीभर घरात आणून वाळवलं की घरधन्यानं जबाब द्यायचा. आणि या सगळ्यातून जे सुटेल त्याच्यासाठी शेवटी एक कलम होतं. त्याचा अर्थ असा की धान्य, फळ, गूळ, काहीही आंबवून केलेला पातळ पदार्थ, ज्यानं माणसाला गुंगी येते, तो दारूच समजावा. हे कलम मला तोंडपाठ होतं. साहेबांसमोर मी ते न अडखळता म्हणून दाखवत असे.

आमच्या तालुक्यातली शिंदीची दुकानं एका गुत्तेदारानं लिलावात घेतली होती. माणूस हुशार. त्यानं एके वर्षी अर्ज दिला की येळवसेच्या दिवशी आपल्या दुकानांत चिटपाखरू फिरकत नाही. गावंच्या गावं रानात जातात, खातात-पितात आणि दुपारी झाडाखाली आडवी होतात. तेव्हा लोक काहीतरी पितात हे उघड आहे, आणि ते दुकानातलं नाही हेही उघड आहे. सरकारनं तपास करावा.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. बीदर, गुलबर्गा, लातूर, उदगीर एवढ्याच पट्ट्यात तिचं कौतुक, बाकीच्या मुलखाला ती ठाऊकही नसते. त्या दिवशी माणसं घराला कडी घालून रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि मडकंभर आंबील. जोंधळ्याचं पीठ ताकात आंबवायचं, शिजवायचं, लसूण-जिरं घालून रात्रभर मडक्यात निववायचं, की झाली आंबील. ती आधी पिकावर शिंपडायची, मग माणसांनी प्यायची. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला जेवायला हाक मारल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत, मग तो वैरी का असेना. आणि जेवलेला माणूस झोपतो. भज्जी-आंबिलीवर जो झोपत नाही तो नीट जेवलाच नाही, असं मानतात.

हे मला सगळं ठाऊक होतं. मी याच मातीतला. गुत्तेदाराचा अर्ज वाचला तेव्हा मी मनात हसलो होतो.

अर्ज ज्याच्या हाती आला तो इन्स्पेक्टर नवा होता. शहरातला, तरुण, गोरटेला, कपडे धुतलेले, बोलणं अदबीचं. त्याला आमची मराठी येत नव्हती, कानडी तर नाहीच. तो लाच घेत नसे. त्याचा हा दोष मी त्याला कधी माफ केला नाही. आधीच्या इन्स्पेक्टरनं तुपाच्या एका बुधल्यावर सगळी येळवस मिटवली असती आणि झाडाखाली स्वतःही घोरला असता. हा मात्र जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, म्हणून दारू कशी लागते, कशी वास मारते, हेही त्याला माहीत नव्हतं. तो सगळं पुस्तकावरून ठरवायचा. बरं, मनानं दुष्टही नव्हता. दुष्ट माणसाला निदान कंटाळा येतो.

त्या येळवसेला सकाळी निघताना आई मला म्हणाली होती की उन्हं कलायच्या आत रानात ये. आमचं दोन तुकडे रान तालुक्याच्या गावाला लागूनच होतं, बटईनं दिलेलं. आईचं माहेर निंबर्गा गावचं. तिच्या आंबिलीला शेजारपाजारची माणसं गाडगी घेऊन येत. रात्रीच तिनं मडकं भरून फडक्यानं तोंड बांधून चुलीपाशी ठेवलेलं मी पाहिलं होतं. इन्स्पेक्टर, मी आणि दोन शिपाई मंठाळच्या वाटेला लागलो तेव्हाही माझ्या डोक्यात तेच मडकं होतं.

वाटेलगतच्या पहिल्याच रानात एक कुटुंब जेवायच्या तयारीत होतं. बसवाला मानणारी, गळ्यात लिंग बांधलेली माणसं. घरात कांदा-लसूण चाले, पण दारूचं नाव काढलं तरी आंघोळ करतील अशी. म्हातारी, तिचा माझ्याच वयाचा मुलगा, सून, दोन लेकरं. म्हातारीला सगळं गाव अव्वा म्हणायचं. मुलानं आम्हाला बघितलं आणि रीतीप्रमाणं हाक मारली की या साहेब, जेवून जावा. आम्ही बांध ओलांडून आत गेलो. त्याला वाटलं पाहुणे आले.

इन्स्पेक्टरनं मडक्यावरचं फडकं स्वतः उचललं. वर बारीक बुडबुडे धरले होते, आंबट वास आला. त्यानं खिशातून कागद काढला आणि मला सांगितलं की यांना तीन गोष्टी विचार. हे कशाचं आहे, कसं करतात, आणि प्यालं की काय होतं.

जोंधळ्याचं, असं मुलगा म्हणाला. आंबवून, असं म्हणाला. आणि तिसऱ्या प्रश्नाला त्याचा चेहरा फुलला. पाहुण्यानं आंबिलीची चौकशी केली म्हणजे मान दिला, असंच तो समजला.

"आमच्या अव्वाच्या हातची हाय साहेब," तो म्हणाला. "दोन गाडगी पिलं की गडी सांजपतोर उठत न्हाई. गेल्या साली जावाय आलता, त्येला उचलून गाडीत घालावं लागलं."

आमच्याकडं प्रत्येक घर आपल्या आंबिलीबद्दल असंच बोलतं. माझा मामाही असाच बोलायचा. हे ऐकून पाहुण्यानं हसायचं असतं आणि गाडगं पुढं करायचं असतं. इन्स्पेक्टर हसला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मी ते वाक्य उर्दूत शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. जावयाला गाडीत घातल्याचंसुद्धा. त्यानं ते लिहून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि त्या बिचाऱ्यानं तर हात जेवायला बोलवायला पुढं केला होता.

मग शिपायांनी मडकं हलवलं आणि मुलाला उमगलं. तो मोडक्यातोडक्या दखनीत, म्हणजे आमच्याकडच्या उर्दूत, थेट इन्स्पेक्टरलाच सांगू लागला, "छाछ है साब. जवारी है, छाछ है." तेच तेच पुन्हा. आणि इन्स्पेक्टरनं, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, लिहिणं थांबवलं. माझ्याकडं वळून विचारलं की तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला हे पेय माहीत आहे का.

मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, ही आंबील आहे, माझी आई करते, लेकरं पितात. बारा-पंधरा शब्द. पण त्याच्या हातातल्या कागदावर त्या मडक्याचं नाव आधीच दारू असं पडलं होतं. तेव्हा माझी आई करते म्हणणं म्हणजे माझ्या घरी दारू निघते असं म्हणणं. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, लोक असं काही करतात असं ऐकून आहे.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा लिहायला घेतलं. कायद्यात गुन्हा दारू करणाराचा असतो, पिणाराचा नाही. केली कोणी? अव्वाच्या हातची, हे मुलानं आपल्या तोंडानंच सांगितलं होतं.

म्हातारी उठून माझ्यासमोर आली. इन्स्पेक्टरसमोर नाही. काळी, ठेंगणी, कपाळभर भस्म. तिनं हातही जोडले नाहीत.

"काय न्यायचं ते न्या," ती म्हणाली. "मडकं न्या, बैल न्या. पर माज्या नावाम्होरं त्यो शबूद लिवू नका. मेल्यावर जंगमानं माज्या डोस्क्यावर पाय ठिवला पायजे. दारूवालीच्या डोस्क्यावर कोन पाय ठिवील?"

त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. पुरण्याआधी त्यांचा गुरू, जंगम, त्याच्या डोक्यावर आपला पाय टेकवतो, तेव्हा त्या माणसाचं सुटलं असं मानतात. म्हातारीला दुसरं काही मिळवायचं उरलं नव्हतं. ती सत्तरीची होती आणि ह्या एका पायाची वाट बघत होती.

ती काय म्हणते असं इन्स्पेक्टरनं विचारलं. मी सांगितलं, रहम मागते आहे. त्यानं तिला अगदी मऊ आवाजात समजावलं, आणि मी ते मराठीत केलं, की कायद्याचं कुणाशी वैर नसतं. नमुना हैदराबादेला तपासणीला जाईल. दारू नसेल तर तपासणारे तसं लिहितील आणि तुमचा मान राहील. त्याचा स्वतःचा ह्यावर पूर्ण विश्वास होता.

दोन बाटल्या भरल्या. नियमच तसा होता, एक तपासणीसाठी आणि एक आरोपीच्या हक्काची, वाद झाला तर उघडायला. मी बुचं ठोकली, लाख वितळवली, मोहोर उठवली. हे काम मला छान जमे. म्हातारी जवळ उभी राहून बघत होती. पहिल्या बाटलीवर लाख ओतताना ती एकदम बोलली.

"त्येचं तोंड बांदू नका. फडकं लावा. कोंडली की ती बिगडती, मग ती आंबील ऱ्हात न्हाई."

आता काय म्हणते, असं इन्स्पेक्टर म्हणाला. मी सांगितलं, बाटली जपून न्या म्हणते.

त्या दिवशी त्या रानात कायद्यातलं, विद्येतलं म्हणावं असं एकच वाक्य बोललं गेलं आणि ते त्या अडाणी म्हातारीचं होतं. मी ते खाऊन टाकलं. जिथं शब्दाला शब्द ठेवायला नको होता तिथं ठेवला, आणि जिथं ठेवायला हवा होता तिथं गाळला. मुद्दाम केलं का? पहिलं भीतीनं केलं. दुसरं, खरं सांगायचं तर, लाख गार व्हायला लागली होती आणि मला पुन्हा वितळवायचा कंटाळा आला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण दांड्याला निदान कुणीतरी धरून मारतं. मी आपला आपणच पडत होतो.

उरलेली आंबील पंचांसमोर, म्हणजे शेजारच्या रानातून बोलावलेल्या दोघांसमोर, ओतायची होती. म्हातारी म्हणाली पिकावर ओता, आज तिचा तेवढा मान असतो. इन्स्पेक्टर म्हणाला तसं करता येणार नाही, तो मालाचा वापर झाला. मडकं गाडीवाटेवर पालथं केलं. धुळीत ती पांढरी ओल पसरली, आणि कुठलंसं कुत्रं येऊन ती चाटून गेलं. पोटभर चाटून तीरासारखं सरळ पळालं, एक पाऊल इकडं-तिकडं नाही. ते पंचनाम्यात आलं नाही.

दुपारी मी आईच्या रानात गेलो. बटईदाराची माणसं जेवून लवंडली होती. आईनं माझ्यासाठी भज्जी झाकून ठेवली होती. दोन गाडगी आंबील प्यालो, कोपीच्या सावलीला पडलो, आणि दिवस बुडेपर्यंत उठलो नाही. आईनं कौतुकानं पांघरूण घातलं. पोरगं सकाळपासून उन्हात हिंडतंय म्हणाली.

बाटल्या कचेरीच्या खिडकीत होत्या. नमुने एकेक पाठवणं परवडत नसे, दहा-बारा साठले की शिपाई हैदराबादच्या मोटारीनं घेऊन जाई. पौष गेला, माघ गेला. खिडकीत दुपारभर ऊन येई. मी तिथंच बसून लिहीत असे आणि कधीमधी बाटल्यांकडं बघत असे. आतलं पांढरं आणि वरचं पाणी वेगळं झालं होतं, लाखेखालचं बूच किंचित वर सरकलं होतं. मला म्हातारीचं बोलणं आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. फाल्गुनात नमुने गेले. त्यानंतर आठेक दिवसांनी, भर दुपारी, उरलेली बाटली फुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. काचा पार दारापर्यंत गेल्या, भिंतीवर ओघळ आले. कचेरीत त्या वेळी मी एकटा होतो.

मी फडकं घेऊन पुसू लागलो आणि वास आला. आंबिलीचा नव्हता. गुत्तेदाराच्या दुकानावरून जाताना येतो तो होता. येळवसेला जे ताक होतं ते आमच्या लाखेखाली, आमच्या खिडकीत, सरकारच्या मोहोरेनिशी दारू झालं होतं. ती म्हातारीनं केली नव्हती. ती मी केली होती. पुस्तकात ह्याला कुठलं कलम लागतं ते मी शोधलं नाही.

हे मी लिहून ठेवायला हवं होतं. मुद्देमाल कोंडल्यानं फुटला, सबब हैदराबादेतल्या नमुन्याचा भरवसा धरू नये, एवढं लिहिलं असतं तरी प्रकरण तिथंच संपलं असतं. पण मग बुचाबद्दल आरोपी काय बोलली होती ते विचारलं गेलं असतं. मी लिहिलं, मांजराच्या धक्क्यानं बाटली पडून फुटली.

चैत्रात हैदराबादेहून कागद आला. नमुन्यात मद्यार्क आहे, असा. किती आहे हे त्यात होतं, पण तिकडं कुणी बघितलं नाही, कारण किती असावा हे आमच्या कलमात कुठं नव्हतं. इन्स्पेक्टर मला म्हणाला की बघा, मला शंका होती, शास्त्रानं ती दूर केली. त्याचं समाधान अगदी खरं होतं.

आबकारीचे जिल्ह्याचे मोठे साहेब बीदरहून दौऱ्यावर आले तेव्हा कचेरीच्या ओट्यावर सुनावणी झाली. बघायला अर्धा बाजार जमला. म्हातारी मुलाबरोबर बैलगाडीनं आली होती. साहेबांनी विचारलं, ही तू केली? ती म्हणाली व्हय, मीच केली, दरसाल करते. इतकी सरळ कबुली साहेबांनी फार दिवसांत ऐकली नसावी. त्यांनी कागद वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली की दुसरी बाटली माझी आहे, ती आणा, मी सगळ्यांदेखत पिऊन दाखवते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी उभं राहून सांगितलं की ती मांजरानं पाडली.

ती माझ्याकडं वळली.

"मांजरानं चाटली आसंल की," ती म्हणाली. "मग मांजर निजलं का?"

ओट्याखालची माणसं हसली. साहेबही हसले. मीही हसलो, हसणं भाग होतं. मग साहेबांनी वय बघून नाममात्र दंड केला आणि विनापरवाना दारू काढणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घालायला सांगितलं. ते नाव मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. त्याच महिन्यात इन्स्पेक्टरच्या शिफारशीनं माझी नोकरी कायम झाली आणि आईनं शेजारी साखर वाटली. ह्या प्रकरणात सगळं इन्स्पेक्टरनंच केलं, असं मी तिला सांगितलं होतं. तिनं विश्वास ठेवला. शहरातल्या माणसाला आंबिलीतलं काय कळणार म्हणाली.

म्हातारीच्या गावचा जंगम तिच्या घरी दर महिन्याला जेवायला जात असे. दर येळवसेला तिच्या हातची आंबीलही त्यानं प्यालेली होती. सुनावणीनंतर त्यानं जाणं बंद केलं. मुलगा पाया पडायला गेला तेव्हा तो म्हणाला की मला ठाऊक आहे ती आंबील होती, पण आता सरकारनं लिहिलंय, आणि मी तिथं जेवलो तर उरलेली घरं मला दाराशी उभं करणार नाहीत. ती दारू नव्हती असा सरकारी शिक्क्याचा कागद आण, मी त्याच पावली येतो. हे सगळं बाजारात माझ्या कानावर आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तर इथं चोराला पगार चालू झाला होता.

पुढच्या येळवसेला यादीतल्या माणसांकडं जाऊन बघून यायचं काम माझ्यावर आलं. मी एकटाच गेलो. कोप होती, पांडव होते, भज्जी होती. मुलानं मला बघून पाठ फिरवली. म्हातारी वर्षभरात अर्धी झाली होती. ती हातात लोटा घेऊन जोंधळ्यावर पाणी शिंपडत होती, नुसतं पाणी. शिंपडून झाल्यावर तिनं मला हाक मारली. येळवस होती, आणि मी वाटेनं जाणारा माणूस होतो. तिनं पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, उंडा ठेवला, आणि आंबिलीचं गाडगं पुढं सरकवलं.

"आंबील न्हाई साहेब. पानी हाय," ती म्हणाली. "कायद्यात बसतंय का बगा, मंग प्या."

मी प्यालो. जेवलोही. पत्रावळीवरून उठायची हिंमत झाली नाही. मग कचेरीत येऊन लिहिलं की काही आक्षेपार्ह आढळलं नाही. त्या दिवशी आईच्या रानात गेलो नाही, काम आहे असा निरोप पाठवला.

वैशाखात एके सकाळी तिचा मुलगा कचेरीत आला. अंगात सदरा नव्हता. म्हातारी पहाटे गेली होती. तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं, भस्म लावलं होतं, खड्डा खणून झाला होता. जंगम गावातच होता आणि कागद मागत होता. मुलगा माझ्या टेबलाशी उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"एक वळ लिवून द्या," तो म्हणाला. "ती आंबील व्हती म्हून. तुमाला ठावं हाय. तिला ऊन लागायलंय, दुपारपतोर तरी द्या."

कोरा कागद समोर होता. दौत होती, शिक्का माझ्याच खणात होता. इन्स्पेक्टरची बदली होऊन चार महिने झाले होते. मी लिहून दिलं असतं तर कुणी विचारायलाही आलं नसतं. पण माझ्याच हातचा पंचनामा, माझ्याच हातचं मांजर, आणि त्यावर माझ्याच हातची ही ओळ. मी विचार केला, उद्या दोन्ही कागद कुणी शेजारी शेजारी ठेवले तर? मी त्याला सांगितलं की प्रकरणाची मिसल बंद होऊन बीदरला गेली आहे, आता माझ्या हातात काही नाही. तो दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिला. मी आत लिहीत राहिलो. मान वर केली तेव्हा तो गेला होता.

पुरायला आमच्या गावातूनही काही बाया गेल्या. त्यांत आई होती. येळवसेच्या ओळखीनं ती म्हातारीला मानत असे. संध्याकाळी ती परत आली, अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यानं उंबऱ्यावर बसली. मी काय झालं विचारलं.

जंगम आला नाही, ती म्हणाली. दुसऱ्या गावाला माणूस पाठवला, तोही आला नाही. दिवस कलला. तिला तशीच ठेवता येईना. मग पोरानं मन घट्ट केलं आणि आईच्या डोक्यावर स्वतःचाच पाय ठेवला. पाय ठेवला आणि खड्ड्याच्या काठावर पडला. चौघांनी उचलून बाजूला नेला. पोटच्या पोरानं आईच्या डोक्यावर पाय ठेवलेला मी ह्या डोळ्यांनी बघितला, असं ती म्हणाली.

नंतर म्हणाली की शुद्धीवर आल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. साहेबानं तुला काय विचारलं, आणि तू काय म्हणालास. त्याला दखनी कळत होती.

दिवा लावायची वेळ झाली होती, पण ती उठली नाही.

"येक सांग," आई म्हणाली. "त्या येळवसला माज्या रानात तू काय पिऊन निजला व्हतास?"

मला कलम तोंडपाठ होतं. तिनं उठून दिवा लावला. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, संस्थान गेलेलंही तिनं पाहिलं. आमच्या घरी मात्र पुन्हा आंबील झाली नाही.